काकांच्या फटफटीची जोडी

साऱ्या येडशीत बैलाशिवाय दुसरं काही न कळणारा आणि तरीही फटफटी बाळगणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या मावशीच्या वाट्याला आला होता. म्हणजे आमचे काका. फटफटी घेतली तीही मावशीसाठीच. तिला एसटीत पाय ठेवला की मळमळून यायचं, आणि माहेर तर परंड्याच्या पलीकडं! वर्षानुवर्षं ती नुसती माहेराच्या आठवणी काढत बसायची. शेवटी काकांनी कुठूनशी ती चिमुकली गाडी आणली. हिला सुखरूप न्यायचं आणि सुखरूप आणायचं, एवढाच त्यांचा ध्यास.

आता सुखरूप न्यायचं तर टायरं चांगली हवीत. आणि टायर निवडणं म्हणजे काकांच्या लेखी खोंड निवडणं! बार्शीच्या दुकानात ते उकिडवे बसायचे, टायराच्या पाठीवर थाप मारायचे, नखानं रबर दाबायचे, कडेनं हात फिरवून कुठं खोड निघतेय का चाचपायचे आणि मग रस्त्यावर सोडून त्याची 'चाल' बघायचे. एकदा मी बरोबर असताना असंच एक टायर सुटलं ते थेट समोरच्या भज्यांच्या गाड्याखाली शिरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र खूश. "तल्लख हाय रं! हेच घेऊ." पोळ्याला बैलांबरोबर फटफटीलाही सुट्टी असायची. एका साली आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून झाल्यावर उरलेलं लोणी त्यांनी गाडीच्या मुठींना चोळलं. पुढं चार दिवस त्यांचे हात घसरत होते.

या गाडीला पुढं सरळ रेघांचं टायर लागतं आणि मागं जाड खवल्यांचं, हे बार्शीच्या मिस्त्रीनं परोपरीनं सांगून पाहिलं. "काका, ये आगे का, वो पीछे का. अलगच रहता." काका भडकलेच! "एका जुवाला एक देवणी बैल अन् एक खिलार जुंपतंय का कुणी? जोडी म्हंजे जोडी!" झालं, दोन्हीकडं खवल्यांची टायरं बसली. मिस्त्री साबणाचं पाणी लावून लोखंडी पट्टीनं टायर चढवत होता, तर हे शेजारी उभं राहून "हळू रं बाबा, नवं हाय त्ये," म्हणून कळवळत होते.

आणि त्याच वर्षी भाद्रपदात सांगावा आला, की आजीचं, म्हणजे मावशीच्या आईचं काही खरं नाही, लवकर या. दोघं तसेच निघाले. परंड्याच्या अलीकडं काळ्या रानातला रस्ता, वर रात्रभराचा पाऊस. पुढच्या टायराच्या खवल्यांत चिखल असा गच्च बसला, की चाक जागचं हलेना. काका "चल की रं राजा" म्हणून गाडीला चुचकारतायत आणि मावशी बाभळीच्या काटकीनं चिखल उकरतेय. डोळ्यांत पाणी. शेवटी तिचा संयम सुटला. "अवो, पुढच्यानं वाट धरायची, मागच्यानं भार घ्यायचा. काम येगळं तर रूप सारखं कशाला पायजे? तुमचं-माझं तरी कुठं सारखं हाय?"

काकांनी तिच्या हातातली काटकी घेतली आणि स्वतःच चिखल उकरायला बसले. दिवस मावळायच्या आत त्यांनी कसंबसं मावशीला पोचवलं. आजीनं लेकीला ओळखलं, हात धरला, आणि पहाटे गेली. महिन्याभरानं काका बार्शीला जाऊन मुकाट्यानं रेघांचं टायर घेऊन आले.

तेव्हापासून वर्षाला एक मागचं टायर लागायचं. "पुढचं बघ कसं हाय, अन् हे बघ! समदा हिचा भार," असं काका आल्यागेल्याला दाखवायचे आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायची.

मावशी गेली, त्याला दोन वर्षं झाल्यावर मी येडशीला गेलो. काका अंगणात फटफटीजवळ उकिडवे बसून मागच्या टायरावरून हात फिरवत होते. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, टायर बदलायला झालं का?"

"न्हाय रं," काका म्हणाले. त्यांनी नखानं रबर दाबून बघितलं. "दोन वर्षं झाली. मागचं झिजंनाच आता."