आखाजीचे मांडे आणि नाल्यापलीकडची अक्का

"तुम्हना मांडा चोपडाथीन यस्टीमा बशीसन येतस!"

नाल्याच्या पलीकडून हे वाक्य आलं आणि दोन्ही काठांवरच्या बाया एकदम गप्प झाल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आमच्या नाल्यावर बाया गप्प होणं म्हणजे सातपुडा उठून बाजाराला निघण्यासारखं. ओरडणारी होती माझी सख्खी थोरली बहीण, आमची अक्का. आणि जिच्या मांड्यांबद्दल ती ओरडत होती ती आमची आई अलीकडच्या काठावर, सगळ्यांच्या पुढे, गव्हाच्या कोंबांच्या गौराईचं टोपलं सांभाळत उभी होती.

हा नाला आधी सांगायला हवा. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश. ओसरीत माझा मोबाइल महाराष्ट्रात असतो, मोरीत आंघोळीला गेलो की मध्यप्रदेश माझं स्वागत करतो. अंगाला साबण लावलेल्या माणसाची एवढी विचारपूस दुसरं कुठलं राज्य करत नसेल. बोली दोन्हीकडे तीच, देव तेच, आणि सोयरिकी इतक्या की नाल्यात दगड भिरकावला तर कुणाच्या तरी साडूलाच लागणार. फक्त आखाजीला गौराई बोळवायला बाया नाल्यावर आल्या की दोन काठ वैरी होतात. इकडच्या तिकडच्यांना शिव्या घालतात, तिकडच्या इकडच्यांना. वर्षभर तुंबलेलं सगळं, आमच्या बोलीत बठ्ठं, त्या एका संध्याकाळी वाहून जातं. पुरुषांनी मागे लिंबाखाली उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. मग गौराई डबक्यात सोडायची, कारण वैशाखात नाल्यात डबकंच तेवढं उरतं, एकमेकींना कुंकू लावायचं आणि सुनांची बाळंतपणं विचारत घरी जायचं.

नियम दोनच. माहेरी आलेली लेक माहेरच्या काठावर उभी राहते, मग तिचं सासर समोर दिसत का असेना. आणि उंबऱ्याच्या आतलं नाल्यावर न्यायचं नाही. नवरा आळशी, सासू चिकट, सरपंच मिटिंगमध्ये घोरतो, हे सगळं चालतं. ते तसंही गावाला ठाऊक असतं.

अक्का म्हणजे आमच्या काठाची तोफ. तिचं लग्न पलीकडे ठरलं तेव्हा तिकडच्या बायांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि पहिल्याच आखाजीला ती माहेरी येऊन आमच्या काठावर उभी राहिली तेव्हा तो परत आत ओढला. तिचा आवाज असा की एकदा तिने मला शेतातून जेवायला हाक मारली तर मी आलोच, पण यावलला निघालेली बसही वळून आली. कंडक्टर जेवून गेला. खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरला शोधून विचारा.

आणि आईचे मांडे. पुरण भरलेली पोळी कोपरापर्यंत दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती इतकी पसरायची की चुलीवरचं पालथं खापर झाकून चुलीलाही पदर मिळायचा. एक मांडा दोन माणसांनी पांघरला असता आणि त्यातून चांदण्या मोजल्या असत्या. नव्या सुना शिकायला तिच्याकडे यायच्या. लग्नघरी आई पोचल्याशिवाय खापर तापत नसे. वडील गेल्यावर गावात आमच्या घराला जो काही मान उरला, तो त्या दोन हातांचा.

मग तिचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना, तिथे मांडा कुठला. आई एवढंच म्हणाली, गावाला कळायला नको, आणि लग्नघरी नव्या सुनांना शिकवायचं निमित्त करून नुसती देखरेखीला बसू लागली. पुढची युक्ती अक्काची. चोपड्याची एक बाई मांडे करून विकते. ते मी सकाळच्या एस्टीने जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणायचे, कुणी विचारलं तर आंबे आणले म्हणायचं. मागच्या पडवीत दार लावून आईने खापर तापवायचं, अक्काने मांडे त्यावर ऊन करायचे, आणि मी ओला टॉवेल दगडावर आपटायचा, म्हणजे बाहेर हात चालल्याचा आवाज. मी इतका मन लावून आपटायचो की एकदा शेजारची काकू भिंतीपलीकडून कौतुकाने म्हणाली, "काय वो माय, आज हात भलताच जोरमा शे."

हे जाणणारे जगात आम्ही तिघंच.

यंदाही सगळं तसंच पार पडलं. दुपारी काकूने आमरसात मांडा बुडवला आणि असा हात उभ्या खान्देशात नाही म्हणून जाहीर केलं. अक्काने माझ्याकडे बघून डोळा मारला. तो डोळा मला अजून आठवतो. बेइमान डोळा तसा दिसत नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकतो.

नाल्यावर सामना आमचाच होता. अक्का तोंड उघडायची आणि पलीकडच्या दोन-चार बाया मागच्या रांगेत जायच्या. पलीकडे तिची पोर यंदा पहिल्यांदाच गौराईचं टोपलं डोक्यावर घेऊन आली होती, तिकडच्या आजीच्या, अक्काच्या सासूच्या, शेजारी उभी होती. ती ठेचकाळली. टोपलं कलंडलं, गव्हाचे पिवळे कोंब मातीत. आमच्या काठावरून काकू ओरडली की तिकडच्या पोरींना गौराई धरता येत नाही, त्या संसार काय धरणार. सगळा काठ हसला.

अक्का हसली नाही. तिने पदर खोचला, नाल्यात उतरली, डबक्याच्या कडेकडेने पलीकडे गेली. मला वाटलं, पोरीला उगी करेल आणि येईल परत. तिने पोरीला उठवलं, टोपलं सरळ करून तिच्या डोक्यावर ठेवलं, वळली, आणि आमच्याकडे तोंड करून ते एस्टीचं वाक्य सोडलं.

त्या गप्पपणातून पलीकडचा काठ आधी सावरला. असा हसला की डबक्यातलं पाणी आमच्या बाजूला सरकलं. आमच्याकडच्या सगळ्या माना मात्र आईकडे वळल्या. मी लिंबाखाली उभा राहून मनातल्या मनात ओरडत होतो, खोटं शे म्हन, माय, खोटं शे म्हन. आईचा डावा हात भरून आला म्हणून टोपलं उजव्या हातात घ्यायला गेली, आणि तो हात अर्ध्यावरच थांबला. सगळ्यांनी पाहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर काकू आली. मला वाटलं, धीर द्यायला. तिला चोपड्याच्या बाईचा फोन नंबर हवा होता. आई म्हणाली, दे. मी दिला. ज्या लग्नघरी आईला निदान खापरापाशी देखरेखीला बसायचं आमंत्रण होतं, तिथून सकाळी निरोप आला, की मायनं कशाला तरास घ्यावा.

अक्का त्या रात्री पलीकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी आपली पिशवी न्यायला आली तेव्हा आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी अक्काला ओसरीतच गाठलं. म्हटलं, बोलायला मी नव्हतो का? बारावीला किती वेळा बसलो ते सांगायचं. मला बघायला आलेली मंडळी चहा न घेता मागच्या दाराने कशी गेली, ते सांगायचं. टॉवेल आपटतो ते सांगितलं असतंस तरी गाव माझ्यावर हसलं असतं, मी सोसलं असतं. एवढा मोठा खजिना घरात असताना तुला आईच सापडली?

ती खाली बसून साड्यांच्या घड्या पिशवीत घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बाकीनं बठ्ठं हलकं पडतं, भाऊ," ती म्हणाली.