भरावाखालचं पाणी

वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला खाण आली. इस्लामपूरच्या सडकेसाठी तिथला दगड-मुरूम काढून नेला होता. मग खड्डा राडारोड्यानं भरून वर हातभर माती ओढली आणि त्याला शेत म्हणू लागले. नवरा फौजेत, लढाईवर. थोरल्या दिरांनी खालचं काळं रान ठेवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, तो आल्यावर बघू. मी विचारलं, तोवर खायचं काय?

पहिल्या वर्षी शाळू वीतभर वाढून वाळला. डोंगराकडचा ओढा रानात शिरायचा आणि मध्येच गुडूप व्हायचा. फुटक्या घागरीत पेरणी केली, म्हणून बायका हसल्या. मला राग पाण्याचा आला. एवढं पाणी जातं कुठं?

मग मी पाण्याच्या मागंच लागले. मातीचे आडबांध घालून ते कधी इकडून, कधी तिकडून सोडलं. कुठूनही सोडा, ते एकाच खोलगट जागी ओढलं जायचं. तिथं कान लावला की खालच्या दगडांतून खळखळ ऐकू यायची. भिंतीसाठी आणलेला गेरू कालवून मी तिथं ओतला आणि उतारानं खाली जाऊन बसले. उन्हं कलल्यावर दिरांच्या बांधाखालच्या झऱ्याला तांबूस पाणी आलं. त्या झऱ्यावर त्यांची वांगी डवरली होती.

गावतळ्यातली चिकणमाती डोक्यावर वाहून मी ते भोक बुजवलं, पायांनी तुडवलं. झरा आटला तसे दीर बांधावर आले.

"पानी अडवायचं न्हाई. ह्यो झरा पयल्यापासनं हाय."

तोवर मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. "खाण भरल्यापासनं हाय, भावजी."

त्यांनी माझ्या ओल्या रानावर नजर फिरवली. मग म्हणाले, तसं असेल तर रानं बदलून घेऊ.

"तितं कुसळबी उगवायचं न्हाई, आसं तुमीच म्हनाला हुता. आता ऱ्हाऊ द्या माज्याकडं."

त्या साली शाळू छातीला लागला. एक कोपरा तेवढा उजाडच राहिला. दिरांनी बोलणं टाकलं. लढाई संपून नवरा आला, तर भावाशी वाकडं घेतलं म्हणून माझ्यावरच चिडला. मी त्याला रानात नेलं. तो कणसं हातात धरून उभा राहिला, पण मी बरोबर केलं असं काही म्हणाला नाही. मीही ते ऐकायला थांबले नाही. पाणी पाजायचं राहिलं होतं.