दाराच्या आत

१२ मार्च, गुरुवार. माझी भाची रुग्णवाहिका चालवते. आज ती मेडिकल कॉलेजचा अर्ज भरायला माझ्याकडे आली. मुदत आजचीच होती आणि ‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ या प्रश्नावर घोडं अडलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘मानवसेवेसाठी.’

“हे तर सगळेच लिहितात गं. खरं काय ते सांग.”

“मावशी, हसशील तू.”

“हसले तर हसले.”

“सकाळी एक आजोबा वाटेत मला विचारत होते, पोरी, जेवलीस का? दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं, दार मिटलं. पुढे काय झालं, मला कुणी सांगत नाही. मला आत जाऊन बघायचंय.”

“मग हेच लिही की.”

तिने आधीचं खोडून हेच लिहिलं आणि अर्ज पाठवला.

चहाचं आधण पार आटलं. पातेलं भिजत घातलंय.