अमेरिकेची पोथी आणि कुंभारीचा डावा कोपरा

जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बनियन घालून, अमेरिकेतल्या पोरांना त्यांचाच खेळ समजावून सांगणारा माणूस अख्ख्या जगात एकच असणार, आणि तो माझा धाकटा दीर आहे. याचा अभिमान बाळगावा की काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाहुण्यांना सांगताना मी "भाऊजी कुंभारीच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहेत" एवढंच सांगते आणि पोहे पुढे करते. बाकीचं ते स्वतःच सांगतात, आणि मग पाहुणे पोहे संपवून घाईने उठतात.

हे सगळं सुरू झालं माझ्या मुलामुळे. तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा व्हिडिओ गेमचा डबा इथेच राहिला, आणि डब्यात एकच खेळ राहिला, कारण तो कुणालाच नको होता. अमेरिकेतला फुटबॉल. नाव फुटबॉल, पण बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी त्याला धरून आडवं पाडायचं. भाऊजी तरुणपणी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेले. गुडघा गेला म्हणून खेळ सुटला, लग्न का राहिलं ते विचारायचं राहून गेलं. जेवणखाण आमच्याकडेच. एका रविवारी दुपारी सहज म्हणून त्यांनी तो डबा चालू केला आणि चहाच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "वहिनी, ही कबड्डीच आहे की! फक्त हेल्मेट घातलंय आणि प्रत्येक चढाईनंतर मीटिंग घेतात." त्या दिवसापासून टीव्ही आमचा राहिला नाही.

त्या खेळात एक बाजू बॉल पुढे नेते, दुसरी अडवते. भाऊजींना फक्त अडवण्यात रस. बॉल त्यांच्या संघाकडे आला की ते हातातलं यंत्र खाली ठेवून चहाला उठायचे. तिकडे पंच वेळ वाया घालवल्याबद्दल शिट्ट्या मारतोय, त्यांचा संघ दंड भरत मागे मागे सरकतोय, आणि हे इकडे बिस्किट बुडवताहेत. मी एकदा म्हटलं, "अहो भाऊजी, तुमची माणसं बिचारी उभी आहेत." तर म्हणाले, "उभी राहू देत. पळायला कुणालाही येतं." शून्य-शून्य असा सामना सुटला की त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती यायची, ती लोकांना तीर्थयात्रेहून आल्यावरही येत नाही.

आता खरी भानगड पुढे आहे. अडवणाऱ्यांच्या रचना असतात. पुढे किती जण, मागे किती, कुणी माणूस धरून ठेवायचा, कुणी जागा राखायची. गेममध्ये प्रत्येक संघाला अशा रचनांचं एकेक प्लेबुक दिलेलं असतं. भाऊजी त्याला पोथी म्हणतात. पण खऱ्या अमेरिकेत दरवर्षी बचाव शिकवणारे कोच या संघातून त्या संघात जातात, आणि गेममध्ये मात्र पोथी जुनीच राहते. म्हणजे पुजारी बदललेला, पोथी मागच्या पुजाऱ्याची. त्यामुळे तिकडची पोरं इंटरनेटवर एकमेकांना विचारत बसतात, की आमच्या संघाचा खरा बचाव गेममधल्या कुठल्या पोथीत सापडेल? उत्तर द्यायला भाऊजी. शाळेत जाण्याआधी सकाळी ते फोनवर खऱ्या सामन्यांचे तुकडे थांबवून थांबवून बघायचे, आणि माझ्या ओट्यावर त्यांची मांडणी करायचे. शेंगदाणे म्हणजे पुढची फळी, लसणाच्या पाकळ्या म्हणजे मागची. मग तीच मांडणी गेममधल्या कुठल्या पोथीत बसते ते शोधायचं. शेंगाची चटणी कुटायची तर मला आधी अमेरिकेचा डाव संपायची वाट बघावी लागे. एकदा घाईत मी हात घातला तर ओरडलेच, "थांबा वहिनी! तो लसूण उचलू नका, तो एकटाच मागं उभा आहे! तो गेला तर लांबचा बॉल सरळ आत!" मी तो लसूण उचलला, ठेचला, आणि शाळेचा जेवणाचा डबा त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी डबा परत देताना म्हणाले, "चटणी चांगली होती, पण आपण हरलो."

तिकडची पोरं त्यांना 'कोच' म्हणतात. एकाने आदराने विचारलं, कोच, तुम्ही कुठे शिकवता? यांनी लिहिलं, कुंभारी. दोन दिवस त्या पोरांमध्ये चर्चा चालली की कुंभारी टेक्सासमध्ये येतं की ओहायोत. शेवटी भाऊजींनीच खुलासा केला: सोलापूरजवळ. त्याने त्यांचं समाधान झालं असावं, कारण पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. खेळाडू बघायचा नाही, त्याला शिकवणारा बघायचा, आणि शिकवणाऱ्याला कुणी शिकवलं ते बघायचं. गाण्यात जशी घराणी तशी बचावातही घराणी, असं ते म्हणत. हा नियम ते अमेरिकेपुरता ठेवते तर बरं होतं. पण लग्नाच्या पंगतीत भाजीचा घास घेऊन "आचारी अक्कलकोटच्या आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालाय" असं सांगायचे. रिक्षात बसले की "हा आधी टेम्पो चालवत होता, वळण बघा." आमच्या सोसायटीला नवीन सेक्रेटरी आले तेव्हा सगळे त्यांच्या गोड बोलण्यावर खूश होते. भाऊजींनी त्यांची आधीची सोसायटी कुठली ते शोधलं, तिथल्या वॉचमनशी चहा पिऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, पापड वाळवायचे असतील तर या आठवड्यात उरका. हा माणूस गच्चीला कुलूप लावणार." लावलं की! माझे पापड वाचले. मग मीही पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगायला लागले. त्यांचा त्या शास्त्रावरचा विश्वास असाच वाढत गेला असणार.

आणि मग महादेवी आली.

कुंभारीतल्या कामगारवस्तीतली पोर, दहावीत, अंगाने काटकुळी, पण डाव्या कोपऱ्यात उभी राहिली की चढाई करणारीचा घोटा तिच्या हातात सापडलाच समजा. घरी कन्नड, शाळेत मराठी, मैदानावर दोन्हींतून शिव्या. भाऊजी जेवताना तिच्याबद्दल बोलायचे तेव्हा अमेरिका मागे पडायची. जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकला तर संघ विभागाला जाणार होता, आणि तिथे निवड झाली तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, पुढचं शिक्षण सगळं होणार होतं. तिच्या वडिलांनी भाऊजींना माझ्यासमोरच सांगितलं होतं. शाळेच्या फाटकात, सायकलवरून एक पाय खाली टेकवून. "सर, जिल्हा मारला तर जाऊ दे पोरगी पुन्याला, मी आडवा येत न्हाय. न्हाय मारला तर शिलाईच्या क्लासला घालतो. मधलं काय मला सांगू नका." भाऊजी म्हणाले, "मारणार." वडील गेल्यावर महादेवी मागून म्हणाली, "आप्पा शब्दाला पक्के हायत सर. दोन्हीकडनं."

अंतिम सामना करमाळा तालुक्यातल्या एका शाळेशी होता. त्यांचे क्रीडाशिक्षक कुणाचे शिष्य, तो गुरू कुणाकडे शिकला, हे भाऊजींना तोंडपाठ होतं. त्या गुरूच्या संघाविरुद्ध ते स्वतः खेळले होते. त्या घराण्याची रीत ठरलेली, पहिली चढाई डाव्या कोपऱ्यावर, दुसरीही डाव्या कोपऱ्यावर. दोन आठवडे त्यांनी पोरींकडून एकच गोष्ट घटवून घेतली. महादेवीने पाय पुढे टाकून आमिष दाखवायचं, चढाईवाली आत आली की उरलेल्यांनी डावीकडे साखळी आवळायची. ओट्यावर या वेळी अमेरिका नव्हती, कुंभारी होती. शेंगदाण्यांना नावं होती. मला चटणीसाठी वेगळे शेंगदाणे आणायला लावले.

सामन्याला त्यांना मीच स्कूटरवर घेऊन गेले, कारण गुडघ्यामुळे ते गाडी चालवत नाहीत आणि मागे बसून मला गाडी कशी चालवायची ते सांगतात. मैदानावर पोहोचलो तर समोरच्या संघाच्या बाकावर त्यांचे क्रीडाशिक्षक नव्हतेच. त्यांना निवडणुकीची ड्युटी लागली होती. पोरींबरोबर चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. पर्स मांडीवर, डोक्यावर पदर, उन्हाने हैराण. त्या पोरींना म्हणत होत्या, "मला यातलं काही कळत नाही गं. तुमचं तुम्हीच बघा. फक्त कुणी लागून घेऊ नका." मी भाऊजींना म्हटलं, "अहो, यांचा तर पुजारीच आला नाही." ते म्हणाले, "न येऊ दे. हात तर त्यांचाच फिरलाय."

त्या पोरींना अशी सुट्टी बहुधा पहिल्यांदाच मिळाली होती. जिला वाटेल ती चढाईला जात होती, जिकडे वाटेल तिकडे. एक तर हसत हसत आली, उजव्या कोपऱ्याला पाय लावला आणि हसत हसत परत गेली. बाई टाळ्या वाजवत होत्या, त्यांच्या मुलीने केलं तरी आणि आमच्या मुलीने केलं तरी. आमची साखळी डावीकडे आवळून उभी, आणि गुण उजवीकडून चाललेले. मध्यंतरात महादेवी धापा टाकत आली. "सर, माझ्याकडं कोणच येईना झालंय. मी उजवीकडं सरकू का?"

भाऊजींनी बाकावरच्या बाईंकडे एकदा बघितलं, मैदानाकडे बघितलं. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता हो म्हणतील.

"जागा सोडू नको," ते म्हणाले. "येतील. शेवटी शिकवलेलंच बाहेर येतं."

तिने जागा सोडली नाही. एवढी तोंडाळ पोर, पण सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. शेवटच्या चढाईपर्यंत ती डाव्या कोपऱ्यात हात पसरून, गुडघे वाकवून उभी होती, आणि तिच्याकडे कुणी आलं नाही. दोन गुणांनी हरलो. समोरच्या पोरी बाईंना उचलायला धावल्या आणि बाई पर्स सांभाळत पळत सुटल्या. एरवी मी पोट धरून हसले असते.

महादेवीचे वडील शब्दाला पक्के होते. जूनमध्ये ती शिलाईच्या क्लासला गेली. भाऊजी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले, चहा पिऊन परत आले. गेमचा डबा बरेच दिवस बंद होता. मग हळूहळू चालू झाला, पण ओट्यावर मांडणी झाली नाही. मला चटणी वेळेत कुटता यायला लागली आणि त्याचा आनंद काही होईना. इंटरनेटवर तिकडच्या एका पोराने विचारलं होतं की आमच्या संघाला अगदी नवखा कोच मिळालाय, याआधी त्याने कुठेच शिकवलेलं नाही, तर कोच, कुठली पोथी लावू? एरवी भाऊजींनी त्या नवख्याच्या आजोबांपर्यंत शोध घेतला असता. त्यांनी उत्तर लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे फोन दिला. लिहिलं होतं, पोथी लावू नको, पोरांकडे बघ. तिकडच्यांना ती थट्टा वाटली. खाली हसण्याची खूप चित्रं आली होती.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात शाळेच्या खेळाच्या गणवेशांचं माप द्यायला भाऊजींना अक्कलकोट रोडच्या एका गणवेशाच्या कारखान्यात जायचं होतं. स्कूटर माझी, त्यामुळे मीही. मशिनींच्या आवाजात कुणीतरी "सर!" म्हणून इतक्या जोरात ओरडलं की दोन-चार मशिनी थांबल्या. महादेवी. गळ्यात मापाची टेप, अंगावर आता चांगलं मांस आलेलं. तिने आधी माझी चौकशी केली, मग सरांच्या गुडघ्याची. वीस मशिनींवर तिचीच देखरेख असते, हे तिने मला सांगितलं, सरांना नाही. मग ओढणीने घाम पुसत म्हणाली, "सर, लई दिवस सांगायचं होतं. त्या दिवशी तुमचं बरोबर होतं बघा. त्या पोरींनाच खेळता येत नव्हतं. नीट खेळल्या असत्या तर हरल्याच असत्या की!"

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक निळा शर्ट उचलला, उगाच उलटा केला, शिलाई बघितल्यासारखं केलं.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. सरकायला पाहिजे होतं."

महादेवीने त्यांच्याकडे बघितलं. वाईट वाटल्यासारखं नाही, रागावूनही नाही. उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं.

"मग तवाच सांगायचं की, सर," ती म्हणाली.

तेवढ्यात तिला आतून कुणीतरी हाक मारली. "आले!" म्हणून ती गेली, आणि जाता जाता एका मुलीच्या मशिनीखालचं अडकलेलं कापड सोडवून गेली. आम्ही मापं दिली आणि निघालो. परतीच्या वाटेवर भाऊजींनी मला एकदाही ब्रेक लावा म्हटलं नाही, की डावीकडे घ्या म्हटलं नाही. सिग्नलला मी उगाच विचारलं, "अहो भाऊजी, इथून वळू का पुढून?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?" ते म्हणाले.