फाळक्याची पायरी

माझी पिकअप तासगाव भागातल्या द्राक्षबागांवर बायकांची टोळी नेते. अकरा बायका आणि एक मी. मी केबिनमध्ये, त्या मागे. त्या चढत असताना ड्रायव्हरनं खाली उतरायचं नाही, हात द्यायचा नाही, ही पद्धत माझ्या आधीपासूनची. चाकावर पाय ठेवायचा, फाळका, म्हणजे हौद्याची पत्र्याची कड, धरायचा आणि आपलं आपण चढायचं. सगळ्यांत शेवटी जी चढते ती केबिनच्या पत्र्यावर मुठीनं दोनदा ठोकते. ठोका ऐकला की मी गिअर टाकतो.

बारा वर्षं तो ठोका दीपमाला वैनीचा होता. नागसेन माझा शेजारी, ही त्याची बायको. सगळ्यांना आधी चढू द्यायची आणि मग स्वतः टुणकन वर. ठोका असा द्यायची की माझ्या चहाचा ग्लास हलायचा. बागेतही तसंच. मांडवाखाली दिवसभर हात वर करून घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, त्याला विरळणी म्हणतात. तिची ओळ संपून ती शेजारणीच्या ओळीत घुसलेली असायची, वर तिला टोमणेही मारायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिची बोटं सुजली. आधी सगळ्यांनी वात म्हणून तेल सुचवलं. मीही एक मलम आणून दिलं, फुकटचा शहाणपणा. सांगलीच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, हा साधा वात नाही, संधिवात आहे; शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय. आठवड्याच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी सुरू झाली. सूज निदान दिसते तरी. थकवा कुणाला दिसणार? रात्रभर झोपून उठलेली बाई सकाळी ओट्याला टेकून उभी. मी बाहेर हॉर्नवर हॉर्न देतोय. एकदा तर मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "वैनी, आज पण नाटक हाय का?" तिनं ऐकलं. आज आठवलं तरी मला माझ्या तोंडाची लाज वाटते.

मग एका सकाळी तिला फाळका धरवेना. वरून टोळीतल्या मंगलनं मायेनं मनगट धरून ओढलं, तशी वैनी किंचाळली. अख्खी गल्ली बाहेर आली. टोळीची मुकादमीण पारूबाई खाली उतरली आणि म्हणाली, "दीपे, तू घरी पड. आराम कर. बरी झालीस की यं."

आम्ही सगळे त्याला माया समजलो. महिनाभर शेजारपाजारच्या बायकांनी तिला धुणं धुऊ दिलं नाही, भांडं उचलू दिलं नाही. महिन्यानं तिला वेणीही घालता येईना. सांगलीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नागसेनलाच झापलं. पडून राहिल्यानं सांधे आणखी आखडतात, जोर जातो. हलायचं, पण तुकड्यातुकड्यानं; अंग दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही.

तिथून वैनी पहाटे उठायला लागली. कोमट पाण्यात हात, बोटं उघड-मीट, मग एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन परत. हाताला सैल व्हायला दीड तास लागायचा. दोन महिन्यांनी ती पारूबाईच्या दारात गेली. तिनं सगळं ठरवून आणलं होतं: अर्धी ओळ विरळणी, मग बायकांना प्यायचं पाणी द्यायला फिरायचं, मग थोडं बसायचं, परत अर्धी ओळ.

"काम तुकड्यात करीन मावशी, पर करीन."

पारूबाई म्हणाली, "कामाचं बघू. आदी गाडीत चढून दाव. जी आपली आपण चढंल ती टोळीत. हात देता देता एक बाई पडली व्हती तवापासनं नेम हाय."

वैनी सरळ माझ्याकडं आली. "भावजी, फाळक्याला पायरी बसवून द्या की."

"गाडी हाय का दवाखाना?" मी म्हणालो. माझा स्वभावच तसा. तोंड आधी धावतं.

दुसऱ्या दिवशी तिनं द्राक्षाचा क्रेट उलटा टाकून चढायचा प्रयत्न केला. मी नेमाप्रमाणं केबिनमध्ये, आरशात बघत होतो. क्रेट सरकला. ती पडली नाही, फाळक्याला कोपरानं लटकून राहिली. मी दाराची कडी धरली आणि उतरलो नाही. मग ती खाली उतरली, क्रेट जागेवर ठेवला आणि घराकडं गेली. मागं अकरावी जागा मोकळीच होती. कुणी ठोकेना. शेवटी मी तसाच निघालो.

बायकांना बागेत सोडलं आणि गाडी थेट तासगावच्या वेल्डरकडं घातली. जाताना वैनीला फोन केला. बाकी काही बोलायला सुचेना, म्हणून विचारलं, "किती उंचीवर पायजे?"

ती म्हणाली, "गुडघ्याच्या खाली. आन् धरायला पाइप जाड घ्या. बारका मला धरवत न्हाई."

दोन पायऱ्या आणि जाड पाइप बसवला, वर सायकलची ट्यूब गुंडाळली. सकाळी पारूबाई गाडीभोवती फिरली, पायरी लाथेनं हलवून बघितली.

"आपली आपणच चढायची हाय न्हवं?" मी आतूनच विचारलं.

पाइप धरून पारूबाईच आधी चढली, गुडघ्यावर हात ठेवत. मागं मंगल, मग एकेक करत सगळ्या. चाकावर पाय कुणीच ठेवला नाही. इतकी वर्षं किती गुडघे कण्हत होते, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तरी कधी होतं?

आरशात शेवटी वैनी दिसली. दोन्ही पंजे पाइपावर. एक पाय. थांबली. दुसरा पाय. परत थांबली. वरून एकीनंही हात पुढं केला नाही. सगळ्या नुसत्या बघत होत्या. मग ती आरशातून वर गेली.

आजही ती रोज येत नाही. अंग साथ देणार नसेल तर आदल्या संध्याकाळी सांगते आणि तिची जागा तशीच राहते. पण त्या दिवशी मी गिअरवर हात ठेवून वाट बघत बसलो होतो. मुठीचा आवाज टणक येतो. हा पसरट आला, उघड्या पंजाचा, कारण मूठ अजून वळत नव्हती. एक. जरा वेळानं दुसरा.

मी गिअर टाकला.