कंसातला हशा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल मासिकात एका दिग्दर्शकाची आणि अभ्यासकाची छापील चर्चा वाचत होतो. मध्येच कंसात ‘हशा’ दिसला आणि डोकं सणकलं. कोण हसलं, कुणाला हसलं, हे कधी कुणी छापत का नाही?

मीही छापलं नव्हतं. गिरणी संपावर चित्रपट काढणाऱ्या सुमनताईंची जाहीर मुलाखत मी घेत होतो. शेजारी इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनी मध्येच ताईंना विचारलं,

“बाई, संपात बायका पुढे होत्या, याला पुरावा काय?”

“माझी आई होती ना!”

“आई म्हणजे पुरावा नव्हे हो, आई म्हणजे माया!”

सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. “तिच्या डोक्यात लाठी बसली होती,” त्या म्हणाल्या.

मासिकासाठी मुलाखत उतरवताना ते वाक्य मी जागेअभावी कापलं आणि ‘हशा’ ठेवला. वाचणाऱ्याला वाटावं, त्याही हसल्या. सिनेमा आणि समाज यांवर तासन्‌तास बोलणारे आम्ही. समाज स्वतः बोलू लागला की आम्हाला जागा पुरत नाही!

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो. “काही बोलायचं होतं का?” त्यांनी विचारलं.

“छे, सहज आलो.”

आता त्या नाहीत. ताई, तुम्ही हसला नव्हता. हसणाऱ्यांत मी होतो. मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.