गौसभाई आणि पत्र्याखालचं मशीन

मला गौसभाईचा अजून राग येतो. लई येतो. वीस वर्षं ह्या माणसाच्या शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान हाय, पण असला हट्टी माणूस आख्ख्या सोलापुरात न्हाय.

कॉम्प्युटर जुळवून देणं हे त्याचं काम. स्वस्तातला प्रोसेसर असा निवडायचा की गिऱ्हाईक दहा वर्षं नाव काढंल. पण कुणी "प्रोसेसरचा वेग कंपनीच्या मापापेक्षा वाढवून द्या की" म्हटलं, की हा अंगावरच जायचा. "हितं मे महिन्यात माणसाचं डोकं शिजतंय, चिप गार राहील व्हय? निघा!"

एकदाच त्यानं आपला नेम मोडला. कुंभारी गावची सिद्धेश्वरी चादरींची नक्षी कॉम्प्युटरवर काढते. एका कारखानदारानं तिला सांगितलेलं, सोमवारी दुपारी बारापर्यंत नक्षी दे, वर्षभराचं काम तुझं. चांगला प्रोसेसर तिला परवडत नव्हता. मग ह्यानं जुना, स्वस्तातला, वेग वाढवता येणारा प्रोसेसर निवडला, वर मोठा पंखा बसवला आणि तिच्याच घरी पत्र्याखाली तीन दिवस भर उन्हात चालवून बघितला. काही झालं न्हाय. "वारा अडवू नको," एवढं सिद्धेश्वरीला बजावलं. तिच्या आईला, दानम्माला, सांगायचं मात्र राहिलं.

सोमवारी सकाळी दानम्माचाच फोन आला. सिद्धेश्वरी शेवटचं काम मशीनवर लावून धाग्याचे नमुने आणायला गेली होती, आणि मशीनमधून जळका वास येत होता. नक्षीचे प्रिंट मीच काढणार होते, म्हणून मीपण गौसभाईबरोबर धावले.

मागावाल्याच्या घरात कापूस उडतो, म्हणून टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं टॉवेलानं झाकलेलं असतं. मशीनवरपण चौपदरी टॉवेल होता, पंख्याची जाळी गच्च बुजलेली. आत बोर्ड काळा पडला होता. दानम्मा कौतुकानं सांगत होती, "पोरगी गेल्या गेल्या झाकलं बघा, एक कण बसू दिला न्हाय."

गौसभाईनं टॉवेल गुपचूप घडी करून मागावर ठेवला. तेवढ्यात सिद्धेश्वरी आली.

"कशानं जळलं, चाचा?"

मी तोंड उघडलं, तर हा माझ्यावर डोळे वटारतोय! म्हणाला, "माझ्यानं. वेग जास्त वाढवला मी."

दुसरं मशीन आणून काम परत करायला वेळ नव्हता. बारा वाजले, काम दुसऱ्याला गेलं. दानम्मा कडाडली, "वाटोळं केलंस माझ्या लेकीचं! परत हितं पाय ठेवू नकोस."

"चुकलं, अक्का," गौसभाई म्हणाला.

वाटेत मी त्याला फाडून खाल्लं. "तुमचं तोंड शिवलं होतं का? वीस वर्षांचं नाव मातीत घातलंत!"

"मग काय आईचं नाव सांगू?" तो माझ्यावरच खेकसला. "जन्मभर एका घरात राहायचंय त्यांना."

त्यानंतर कुंभारीचं एक गिऱ्हाईक त्याच्याकडं फिरकलं न्हाय. आणि दानम्मा बाजारात भेटली की मलाच विचारते, "त्या लबाडाच्या शेजारी बसतीस तरी कशी गं?"